काकवीचं पिंप आणि सुभेदारांची येझदी

अंजनाकाकीनं आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून दुस्वास केला, आणि ते माणूस नव्हतं. ती मोटारसायकल होती.

आता हा दुस्वास कशापायी, ते आधी समजून घ्या, नाहीतर बाई उगाच भांडखोर वाटायची. काकीचे मालक हंबीरराव आज गावात सुभेदार म्हणून ओळखले जातात, पण लग्न झालं तेव्हा ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करणारे साधे शिपाई होते. वर्षाला दोन महिने रजा. इस्लामपूरच्या पुढं, आष्ट्याच्या अंगाला आमचं गाव. तिथं नवी नवरी दहा महिने सासू-सासऱ्यांच्यात, गुरांच्यात, उसाच्या पाचटात राबायची आणि दोन महिन्यांची वाट बघायची. आणि हे बहाद्दर रजेवर येताना मिरजेतनं एक जुनी येझदी घेऊन आले.

बरं, साधी गाडी असती तर बायकोला मागं बसवून बाजाराला तरी नेली असती. ह्यांनी तिचं मागचं सीट काढून टाकलं. दोन्ही सायलेन्सर उचलून पार मांडीच्या उंचीला नेले, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर बांधलं, हेडलाइट काढला आणि चिखलात पकड घेणारे गट्टूचे टायर चढवले. का, तर माळावर चिखला-दगडातनं गाड्या पळवायच्या शर्यती असायच्या, त्यात उतरायचं होतं. रजेचा निम्मा काळ गाडीखाली आणि उरलेला माळावर. पहिल्याच दिवाळीला चढावरनं गाडी अंगावर घेतली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. पाडव्याला काकीनं ओवाळलं ते प्लास्टरमधल्या नवऱ्याला. बक्षीस म्हणाल तर एकदा कधीतरी स्टीलची कळशी मिळाली होती, ती अजून वापरात आहे.

तेव्हापासून गाव त्या येझदीला काकीची सवत म्हणायला लागलं. काकीही तोंडाची खमकी. पाणवठ्यावर चारचौघीत म्हणायची, "एक दिवस हिला चुलवणात घालीन, तवाच माझ्या जिवाला गार वाटंल." बायका हसायच्या. काकी मात्र हसत नसे.

पुढं बदल्या सुरू झाल्या. आज राजस्थान तर उद्या आसाम. येझदी गोठ्याच्या मागच्या छपरात उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी टाकीवर संसार मांडला. सुभेदार निवृत्त होऊन आले, मग साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले, तिथनंही वयानं घरी बसवलं. मुलगी क्रांती लग्न होऊन साताऱ्याला गेली. घरात दोघंच राहिली आणि बोलायला काही उरलं नाही. वाईट काही नव्हतं हो. भाजीत मीठ कमी पडलं की सुभेदार घर डोक्यावर घ्यायचे, चहा गार झाला की ओरडायचे, गोठ्याचं दार उघडं राहिलं की सगळ्या आळीला कळायचं. पण त्याला बोलणं म्हणत नाहीत.

आणि एक दिवस सुभेदारांनी कोंबड्यांना हाकलून गाडी बाहेर काढली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरजेच्या एका जुन्या दोस्तानं कळवलं होतं की फेब्रुवारीत माळावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरवायचा आहे, त्या काळात पळालेल्या गाड्या आणि त्या काळात पळवणारी माणसं, दोन्ही हजर पाहिजेत. झालं. सुभेदारांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला. इंजिन जाम झालेलं. त्यात डिझेल ओतून ठेवलं, लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकून पिस्टन सोडवला. क्रँक कोल्हापूरला पाठवून नवीन कनेक्टिंग रॉड बसवून आणला. सायलेन्सरमध्ये जुन्या तेलाची काजळी दगडासारखी धरली होती. शेजारच्या नानासोचं गुऱ्हाळ चालू झाल्यावर दोन्ही नळ्या चुलवणाच्या, म्हणजे गुळाच्या भट्टीच्या तोंडाशी घालून लाल केल्या, गार झाल्यावर आपटल्या, आणि घमेलंभर काजळी बाहेर पडली. नानासो म्हणाला, "सुभेदार, गुळाला वास लागंल माझ्या." सुभेदार म्हणाले, "लागू दे रं. येझदी गूळ म्हणून जादा दरानं वीक."

गंजाचं औषधही नानासोकडचंच. गुऱ्हाळावरची आंबलेली, टाकून द्यायची काकवी सुभेदारांनी पिंपात ओतून घेतली, तिच्यात नऊ-दहा पट पाणी घातलं, आणि लोखंडाचे गंजके भाग तारेला बांधून आत सोडले. ही विद्या त्यांना फौजेत कुणा पंजाब्यानं दिली होती. आठ-पंधरा दिवसांनी चेनकव्हर बाहेर काढलं आणि पाण्याच्या पाइपाखाली धरलं तर गंज मातीसारखा वाहून गेला, खालून पांढरंशुभ्र लोखंड. काकी गोठ्यातनं बघत होती. तिला नवल वाटलं, पण तसं म्हणाली असती तर ती काकी कसली.

पण खरी गंमत पुढं झाली. सुभेदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाकाचे आरे ताणायचे म्हणजे चाक फिरवून रिम कुठं लचकते ते बारीक नजरेनं बघावं लागतं, आणि ह्यांना रिमच्या जागी दोन रिमा दिसायच्या. दोन दिवस एकट्यानं झगडून झाल्यावर तिसऱ्या दिवशी हाक मारली, "अगं ए, जरा हिकडं ये. ह्यो खडू धर. चाक फिरलं की कुठं घासतंय त्ये सांग."

काकी बसली. चाक फिरलं. "उजवीकडं." सुभेदारांनी आरा पिळला. "आता डावीकडं. जरासं. जास्त झालं." दुपार गेली तरी दोघं तिथंच. मधेच सुभेदार सांगायला लागले की ह्याच चाकानं कळशीच्या शर्यतीत ओढ्यातला दगड कसा उडवला. मग आसामातल्या चिखलाची गोष्ट. मग एका मेलेल्या मित्राची, जी त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. चाक सरळ झालं तेव्हा म्हणाले, "तुझी नजर चांगली हाय." काकीनं पदरानं खडूचे हात पुसले आणि चुलीकडं गेली. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तिनं भाकरीच्या जोडीला पिठलं करून वर शेंगदाण्याची चटणी वाटली.

त्यानंतर रोज दुपारी काकी छपरात. सवतीच्या अंगाला हात लावायची सवय झाली. आणि मग डिसेंबरात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. ऑपरेशन साताऱ्याला, म्हणजे क्रांतीच्या घरी राहायचं. डॉक्टरांनी बजावलं, धूळ नको, वाकणं नको, बरेच दिवस तिथंच राहा. काकी म्हशींमुळं मागं राहिली.

सुभेदार रोज फोन करायचे. डोळ्याचं एक वाक्य आणि गाडीची दहा. "पिंपातलं पाणी कमी हुऊ देऊ नको. मी आलो की इंजिन साफ कराय घेतो. आता काय हुतंय फेब्रुवारीपातूर, दिवसच ऱ्हायलं न्हाईत." आवाज पडलेला. काकीला तो आवाज ऐकवेना. तिनं छपरात जाऊन बघितलं. इंजिनाचा पेटारा, म्हणजे ज्याच्या पोटात क्रँक फिरतो ते दोन अर्धे भाग, कोपऱ्यात पडले होते. तीस वर्षांचं तेल आणि काजळी बसून काळेकुट्ट. ह्ये साफ करायलाच ह्यांचा सगळा वेळ जाणार, आणि तेही नव्या डोळ्यानं, वाकून.

काकीनं ते दोन्ही अर्धे तारेला बांधले आणि पिंपात सोडले.

वर झाकण ठेवलं. पुढच्या दिवशी कान लावला तर आतनं बारीक बुडबुड ऐकू येत होती. काकीला बरं वाटलं, काम जोरात चाललंय म्हणून. उघडून बघितलं नाही. ते त्यांच्यासमोर उघडायचं ठरवलं होतं.

सुभेदार परत आले, डोळ्याला काळा चष्मा लावून. काकीनं चहासुद्धा आधी दिला नाही. पाण्याची बादली भरून ठेवली होती, पाइप जोडून ठेवला होता. "चला, तुमास्नी काय तर दावायचं हाय." हाताला धरून पिंपापाशी नेलं आणि तार ओढली.

वर आलं ते इंजिन नव्हतं, इंजिनाचं हाड होतं. करड्या-काळ्या चिखलात माखलेलं, जागोजागी खड्डे पडलेलं. दोन अर्धे जिथं एकमेकांना चिकटून बसतात ती कड उंदरानं कुरतडल्यागत झाली होती. बेअरिंगच्या घराचा एक काठ तर गायबच. तो पेटारा लोखंडाचा नव्हताच, ऍल्युमिनियमचा होता, आणि काकवी लोखंडाचा गंज खाते तशी ऍल्युमिनियम सगळंच खाते.

सुभेदारांनी चष्मा काढला. अंगठा त्या कडेवरनं फिरवला. मग म्हणाले, "चहा टाक."

बस. एवढंच.

काकी चहा टाकताना वाट बघत होती, आता येईल आवाज, आता येईल. आला नाही. चहा उकळून कडू झाला तरी सुभेदारांनी मुकाट्यानं प्यायला. काकी म्हणाली, "आवं, मी मुद्दाम न्हाई केलं." सुभेदार म्हणाले, "मी कुठं म्हणलं." आणि उठून त्यांनी गाडीच्या सांगाड्यावर ताडपत्री टाकली, पेटारा पोत्यात घालून छपराच्या कोपऱ्यात ठेवला.

पुढं दिवसच्या दिवस घर शांत. काकीनं एकदा मुद्दाम आमटी अळणी केली. सुभेदारांनी वरनं मीठ घेतलं आणि जेवले. गोठ्याचं दार उघडं राहिलं, त्यांनी जाऊन लावलं. मिठावरनं घर डोक्यावर घेणारा माणूस, त्याचं एवढं मोठं नुकसान झालं, आणि तोंडातनं शब्द नाही. आता तिच्या जिवाला एकच घोर. हिनं डूख धरून केलं, असं तर ह्यांना वाटत नसंल? आणि वाटलं तर ते खोडायचं कशानं? सगळं गाव साक्षीला, चुलवणात घालीन म्हणून हीच ओरडत होती. जन्मभर जिचा दुस्वास केला तिला पहिल्यांदा मायेनं हात लावला आणि तोच हात असा पडला. सांगून कुणाला पटणार?

छपराच्या भिंतीवर सुभेदारांनी खडूनं फोन नंबर लिहून ठेवलेले असत. त्यातला एक, मोडके-झिजलेले भाग भरून देणाऱ्याचा, होता, "भाऊसो आर्गॉन वेल्डिंग, सांगली." काकीनं क्रांतीकडनं त्याला फोन लावून पत्ता घेतला. एका सकाळी सुभेदारांना म्हणाली, "सांगलीत विश्रामबागला भैनीकडं जाऊन येते." आणि पोतं कापडी पिशवीत कोंबून इस्लामपुरातनं सांगलीची एस.टी. धरली. पिशवीला आंबलेल्या काकवीचा वास. कंडक्टर नाक मुरडून म्हणाला, "मावशी, काय हाय ह्यात?" काकी म्हणाली, "इंजिन." कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि तिकीट फाडून पुढं गेला. सांगलीपर्यंत ते धूड काकीनं मांडीवर धरून नेलं. खाली ठेवलं तर अजून कुठं मोडेल, ही भीती.

भाऊसोचं वर्कशॉप माधवनगर रस्त्याला. पन्नाशीचा गडी, कपाळावर वेल्डिंगचा मुखवटा सरकवलेला. त्यानं पेटारा टेबलावर ठेवून बराच वेळ उलटा-पालटा केला.

"हुईल," तो म्हणाला. "भरावं लागंल, घासावं लागंल, परत भरावं लागंल. बेअरिंगच्या जागी नवं कडं, बुश मारायला पायजे. देखणं दिसायचं न्हाई, पर इंजिन फिरंल."

काकीनं पदर डोळ्याला लावला. भाऊसो गोंधळला. तिला हसवावं म्हणून म्हणाला, "तुमी सुभेदारांच्या मालकीण न्हवं का? परवा फोन आलता त्येंचा, असला पेटारा कुठं मिळंल का म्हणून. मी इचारलं, पयल्याचं काय झालं? तर म्हणले, माझ्याच हातनं काकवीच्या पिंपात पडला, ध्यानात ऱ्हायलं न्हाई. आमी लय हसलो बगा. फौजेच्या वर्कशॉपात उमर गेली आणि ऍल्युमिनियम काकवीत. मिरजेच्या त्येंच्या दोस्तांत पण ह्येच चाललंय. सुभेदार म्हातारं झालं म्हणत्यात."

काकी पिशवी घडी घालून निघाली.

परतीच्या गाडीत आधी तिचं ऊर भरून आलं. ह्यांनी माझं नाव घेतलं नाही. चार माणसांत स्वतःचं हसं करून घेतलं, ज्या कामात नाव कमावलं त्याच कामात. तुंग गाव मागं पडलं आणि काकी ताठ बसली. का घेतलं नाही नाव? चुकून झालं असतं तर हसत-हसत सांगितलं असतं की, आमच्या येडीनं असं केलं म्हणून. लपवतात कशाला? चूक असली की हा माणूस ओरडतो. जन्मभर ओरडत आलाय. गप्प बसतो ते मुद्दाम केलेल्याला. म्हणजे ह्यांनी ठरवूनच टाकलंय, आणि वर माफ केलंय. आष्टा येईपर्यंत काकीचं ऊर भरलेलं सगळं आटलं आणि तिथं राग चढला. न केलेल्या गुन्ह्याची माफी तिला नको होती.

घरी आली तेव्हा सुभेदार अंगणात बाजेवर बसून डोळ्यात औषध घालत होते. काकी समोर उभी राहिली.

"भाऊसोकडं गेलते मी. पेटारा टाकून आले. भरून देतो म्हणलाय."

सुभेदारांनी हातातली बाटली बाजेवर ठेवली.

"तुमच्याच हातनं पडला म्हणून सांगितलासा त्येला. का?"

"ऱ्हाऊ दे की. झालं ते झालं."

"ऱ्हाऊ दे न्हाई. तुमास्नी वाटलं मी मुद्दाम टाकलं. व्हय का न्हाई, सांगा."

सुभेदार खाली बघून म्हणाले, "व्हय. वाटलं. आणि वाटलं, बराबरच हाय तुझं. दोन महिन्यांची रजा, त्यातली निम्मी मी तिच्यावर घालवली. तू एकटी हितं... मी काय तोंडानं बोलणार हुतो? म्हणलं, फिटलं एकदाचं. माझ्यावर घेतलं."

काकीचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं हे कधी कबूल केलं नव्हतं. हेच ऐकायला ती तरुणपणी रात्ररात्र झुरली होती. पण आज तिला ते घेऊन गप्प बसायचं नव्हतं.

"फिटलं असलं तर ते येगळं," ती म्हणाली. "पर असं मी फेडीन व्हय? आवं, त्या चाकापाशी बसत हुतो आपण, तवा तुमी माझ्याशी बोलत हुता. लग्न झाल्यापासनं एवढं बोलला न्हाईसा. मला वाटलं, इंजिन लवकर झालं तर तुमी मेळाव्याला जाशीला, आणि तिथनं आल्यावर मला सगळं सांगशीला. तेवढ्यासाठी टाकलं मी. मी माझ्याच पायावर दगड मारून घीन का?"

सुभेदारांनी मान वर केली. एक डोळा लाल, औषधानं पाणावलेला. काकीच्या तोंडाकडं ते नीट बघत राहिले. नव्या डोळ्यानं तिला एवढ्या जवळनं बघायची ही पहिलीच खेप असावी.

"टाकायच्या आधी त्येच्यावरची काजळी पुसलीस का तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

"चाकूनं जरा खरवडून बघितलंस का, आत काय हाय?"

"न्हाई. काळंकुट्ट हुतं. मला वाटलं बिडाचं हाय. आतनं बुडबुड येत हुती, म्हणलं काम जोरात चाललंय."

"बिडाचं," सुभेदार म्हणाले. मग उठून उभे राहिले. "बिडाचं वाटलं? अगं, दोन हातांत दोन अर्धे उचलून नेलंस, बिडाचं असतं तर कंबर मोडली असती तुझी, एवढं कळलं न्हाई? चिंचेचं सार जर्मलच्या, म्हंजी ह्याच ऍल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवतीस का कवा? न्हाई ना? पातेलं काळं पडतंय म्हणून सुनास्नी शिकवतीस गावातल्या, आणि माझं इंजिन आंबलेल्या काकवीत? बुडबुडं येत हुतं म्हणतीस, तवा तरी झाकण काढून बघायचं. मी रोज फोन करत हुतो, एका शब्दानं इचारायचं, आवं, ह्ये टाकू का? तोंडात काय गूळ हुता? येडी का खुळी तू..."

आवाज चढत गेला. म्हैस दावणीला बिचकली. काकी पायरीवर टेकली आणि ऐकत बसली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. सुभेदार पेटाऱ्यावरनं कनेक्टिंग रॉडवर आले, रॉडवरनं तिच्या माहेरावर, आणि तिथनं परत काकवीवर.

कुंपणाच्या पलीकडनं नानासो धावत आला. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर हा दंगा ऐकून त्याला वाटलं, काहीतरी विपरीत घडलं.

"वैनी, काय झालं वो? सुभेदार एवढं का वरडत्यात?"

काकीनं तोंडावरनं पदर फिरवला.

"काय न्हाई भावजी," ती म्हणाली. "माझ्याकडनं चूक झाली, म्हणून वरडत्यात."